माझं काही नाही, पण त्यांना झेपणार नाही

लोकांना वाटतं, वाचकमंडळासाठी पुस्तक निवडणं म्हणजे कपाटापुढे उभं राहायचं आणि एक पुस्तक बाहेर काढायचं. डोंबल! सहकारनगरातल्या आमच्या लहानशा वाचनालयात मी ग्रंथपाल होते तेव्हा हे काम केलं, निवृत्त झाल्यावरही करत राहिले, आणि यंदा सोडलं. सोडताना कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही ते बरंच झालं. घरात आधीच चार शाली पडून आहेत आणि पुण्यात आता थंडी कुठे उरलीय? संपादकांनी फोनवर सांगितलं, "काहीतरी गमतीदार लिहा." गमतीदारही आहे थोडंफार. पण मी दमलेली आहे, आणि दमलेल्या माणसानं गंमत सांगितली की ती जरा आंबटच लागते, एवढं आधी सांगून ठेवते.

आमचं मंडळ भरायचं महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. पंधरा-सोळा माणसं. महिन्याला एक पुस्तक. ते कुठलं, हे मी ठरवायचं आणि फळ्यावर लिहायचं. प्रती नेहमीच कमी, म्हणून एक प्रत दोघांत. पहिला पंधरवडा एकाचा, दुसरा दुसऱ्याचा. कुणाची जोडी कुणाशी लावायची, हेही माझ्याच डोक्याला ताप. चहाचे डाग पाडणाऱ्याच्या मागे स्वच्छतावाल्याला लावलं तर चर्चा पुस्तकावर होत नाही, डागावर होते.

आता बाहेरच्या माणसाला या कामाची एक गोष्ट समजत नाही. चांगलं पुस्तक वेगळं आणि चर्चेला चांगलं पुस्तक वेगळं. सुरुवातीला मलाही हे कळत नव्हतं. मी एक फार देखणी कादंबरी निवडली. एक वाक्य इकडचं तिकडे करता येणार नाही अशी. सगळे आले, सगळे म्हणाले, "अप्रतिम." पुढे काय बोलायचं? अप्रतिमच्या पुढे काही नसतं. चिवड्याच्या बशा वेळेआधी मागवाव्या लागल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात मी एक मध्यम कादंबरी घेतली. तिच्यातला नायक चांगली नोकरी सोडून गावी जाऊन राहतो आणि इकडे बायको दोन पोरांचं सगळं निस्तरते. भाषा सुमार, शेवट घाईचा. पण त्या दिवशी खोलीत असा कल्ला झाला की खाली वाचायला बसलेली मुलं वर बघायला आली. निम्म्यांच्या मते तो साधू होता, निम्म्यांच्या मते पळपुटा. साठे सर तर "यापुढे मी या मंडळात पाऊल ठेवणार नाही" असं सांगून निघून गेले आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या आधी येऊन पंख्याखालची खुर्ची धरून बसले.

साठे सर म्हणजे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. पुस्तकातल्या छपाईच्या चुका कागदावर उतरवून आणायचे आणि त्या वाचून दाखवल्याशिवाय इतरांना तोंड उघडू द्यायचे नाहीत. आणि दुसऱ्या टोकाला पल्लवी, अमरावतीची, हिंजवडीला आयटीत. राहायला बिबवेवाडीत, त्यामुळे तिचं अर्धं आयुष्य बसमध्ये. तिथेच वाचायची. तिला कुठलंही पुस्तक एक तर "रिलेट" व्हायचं नाही तर "टू हेवी" असायचं. मधलं काही नाही. पण पोरगी पूर्ण पुस्तक वाचून यायची, हे आधी सांगायला हवं. आमच्याकडे पहिली पन्नास पानं वाचून सर्वांत जास्त बोलणारे कमी नव्हते.

अशा सगळ्यांना बोलतं करायची माझी एक पद्धत होती. "आवडलं का?" हे मी कधीच विचारायची नाही. पुण्यात हा प्रश्न विचारला की माणूस परीक्षक होतो. मी विचारायची, "कुठे थांबलात?" म्हणजे वाचता वाचता पुस्तक कुठल्या जागी मिटलंत? प्रत्येकानं एवढंच सांगायचं. झोप आली म्हणून मिटलं असेल तर तसं सांगायचं. पण बहुतेक वेळा माणूस पुस्तक मिटतो ते त्याला पुढचं सहन होत नाही म्हणून, नाही तर काहीतरी आठवलं म्हणून. ती जागा कळली की पुढचं पुस्तक कुठलं घ्यावं, हे मला निम्मं कळायचं. मला वाटतं, एवढी एकच अक्कल मी या कामात कमावली.

आणि एवढं करून खरा छळ कशाचा? फोनचा.

मी फळ्यावर पुस्तकाचं नाव लिहिलं की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. वृद्धाश्रमावरचं पुस्तक लावलं, तर साठे सरांचा फोन. "नीलाताई, माझं काही नाही. पण त्या पेंडसे आजी एकट्या राहतात. त्यांना झेपणार नाही." फोन ठेवते न ठेवते तोच पेंडसे आजी. "माझं काही नाही गं, मी सगळं पाहिलंय. पण साठ्यांचा मुलगा तिकडे अमेरिकेत, मेले दोघंच राहतात इथं. त्यांना लागेल ते." आंतरजातीय लग्नावरची कादंबरी लावली तर पल्लवीचा मेसेज, "मॅम, मला काहीच प्रॉब्लेम नाही, पण सीनियर लोकांना ऑकवर्ड होईल." आणि सीनियर लोकांचे फोन की लग्नाची पोरगी आहे मंडळात, तिच्यासमोर कशाला हे? इतक्या वर्षांत एकही माणूस असं म्हणाला नाही की नीलाताई, मला हे पुस्तक नको, मला भीती वाटते. प्रत्येकाला दुसऱ्याचीच काळजी! एकदा वैतागून मी साधं प्रवासवर्णन लावलं. त्यावरही फोन आला की चढणीची वर्णनं फार आहेत, ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना उगाच वाईट वाटेल. कप्पाळ माझं.

हसू येतं, पण हे वर्षानुवर्षं ऐकून जीव मेटाकुटीला येतो. पुस्तक वाचतानाच माझ्या कानात ते फोन वाजायला लागले. हे पान वाचून आजी काय म्हणतील, या प्रसंगावर सर काय म्हणतील. नवी कादंबरी हातात घेतली की मी वाचत नसायची, झडती घेत असायची. स्वतःसाठी म्हणून, लोळत, वेळेचं भान न ठेवता मी शेवटचं काय वाचलं, ते मला आठवत नाही. ज्या गोष्टीच्या ओढीनं या कामात आले तीच गोष्ट या कामानं काढून घेतली. याचं मला वाईट वाटतं, आणि ते कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, "अहो, तुमची मज्जा, दिवसभर पुस्तकं!"

पण काम सोडलं ते एवढ्यासाठी नाही. ते बाळासाहेब आणि सुलोचनाताईंमुळे.

बाळासाहेबांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा. घराणं मूळचं शेतकरी. हडपसरच्या पलीकडचं त्यांचं गाव शहरात आलं, जमिनीवर इमारती उठल्या, आणि हे नवरा-बायको यार्डाजवळच्या सोसायटीत राहायला आले. आमच्याकडे आधी सुलोचनाताई आल्या. सासवडच्या माहेरच्या, लग्नाआधी शाळेत शिकवलेल्या, वाचनाची जुनी आवड. नाव नोंदवताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आमची एकुलती एक मुलगी गेली. अश्विनी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. डेंग्यू झाला. घरात बसवत नाही म्हणून येते." एवढंच. परत तो विषय नाही. बाळासाहेब त्यांना सोडायला यायचे आणि खाली गाडीत बसून राहायचे. एका शनिवारी फार उकडत होतं म्हणून मीच त्यांना वर बोलावलं. ते आले, शेवटच्या रांगेत बसले, आणि पुढच्या महिन्यात म्हणाले, "म्याडम, आमच्या हिच्या पुस्तकात मला पन् धरा. एक प्रत दोगांत, तुमचंच सूत्र हाय."

वाचायला लागले आणि चांगले वाचायला लागले. बोलायचे थोडं, पण बोललेलं उगाच नसायचं. दोघं शेजारी बसायचे, एकाच डब्यातली सुपारी खायचे, आणि चर्चेत एकमेकांच्या मताला कधी हात लावायचे नाहीत. मंडळातले सगळे म्हणायचे, काय जोडपं आहे! मला मात्र एक गोष्ट खुपायची. घरची कुठलीही आठवण सांगताना ते दोघंही अश्विनीचं नाव घ्यायचे नाहीत. "आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो" असं म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, दोघंच गेले होते.

आल्यानंतर वर्षभरातच दोघांचे फोन सुरू झाले. वेगवेगळे. एका कथासंग्रहात तान्हं मूल जातं अशी एक गोष्ट होती. बाळासाहेबांचा गाळ्यावरून फोन आला. मागे हमालांचा ओरडा चालू. "म्याडम, माझं काय न्हाई. मी व्यापारी मानूस, दगड हाय. पन् हिला ते वाचवायचं न्हाई. तेवढी गोष्ट वगळा." दुपारी सुलोचनाताईंचा फोन, दबक्या आवाजात. "ताई, मी वाचीन कसंही. पण ह्यांना ते सोसवायचं नाही. वरवर कडक आहेत हो." दोघांनीही शेवटी एकच सांगितलं, मी फोन केला होता हे बोलू नका.

मी बोलले नाही. गोष्ट वगळली. आणि मग पुढे कितीतरी वर्षं वगळतच गेले. मूल जातं असं पुस्तक कपाटात मागे. आजारी मुलगी, मागे. हॉस्पिटलचा प्रसंग असला तरी दहा वेळा विचार. आपल्याकडे लिहिणाऱ्यांना तर कुणाला तरी मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही! पण मी निभावलं. मंडळातल्या कुणाला पत्ताही लागला नाही की आपण इतकी वर्षं एक विषय टाळून वाचतोय. मला वाटायचं, मी त्या दोघांना जपतेय.

मग मागच्या वर्षी ती कादंबरी आली. नव्या लेखकाची, फार जाड नाही, टाइप मोठा. एका लहान गावातल्या पोस्टमनची तरुण मुलगी जाते आणि घर पुढे कसं चालतं, एवढंच तिच्यात आहे. रडारड कमी, रोजचं जास्त. कुणी तिचा रुमाल वापरायला काढतं, त्यावरून भांडण होतं, अशा गोष्टी. वाचताना मी पहिल्यांदा झडती घ्यायची विसरले. चर्चेला तर सोन्यासारखी, कारण तिच्यातला बाप बरोबर की आई, यावर दोन भली माणसं तासभर भांडू शकतील. वाचनालयाच्या नव्या पुस्तकांच्या कपाटात ती दिसली आणि लोकांत कुजबुज झाली की या वेळी ही असणार.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बाळासाहेबांचा फोन. "म्याडम, ते पुस्तक लावू नका. हिच्यासाठी सांगतो. ही अजून तिचं नाव काढत न्हाई. मी बी काढत न्हाई, हिला तरास नको म्हनून." मी "बरं" म्हटलं. जेवायला बसते तर सुलोचनाताई. "ताई, ह्यांच्यासाठी सांगते. मी नाव काढलं तर ते कोसळतील. म्हणून मी कधी काढलंच नाही." मी त्यांनाही "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. ताटातली भाकरी गार झाली. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू! एका घरात, एका छताखाली, दोन माणसं एकमेकांना जपत जपत मुकी झालेली, आणि मी त्या मुकेपणाची राखण करणारी बाई. मी चप्पल घातली, वाचनालयात गेले आणि फळ्यावर त्याच कादंबरीचं नाव लिहिलं.

लिहून झाल्यावर मी फडकं हातात घेतलं, खोटं कशाला सांगू. पुसून टाकावं असंही वाटलं. ही दोन माणसं मोडली तर? माझ्या काय बापाचं जाणार होतं?

दोघांपैकी एकाचाही फोन आला नाही. बाळासाहेब स्वतः येऊन प्रत घेऊन गेले. माझ्याकडे बघितलं नाही. आठ-दहा दिवसांनी ते परत आले, पायरीवरच उभे राहिले. "म्याडम, पुस्तक फ्रीजवर ठेवलंय. ही हात लावत न्हाई त्याला. खूण हाय तितंच हाय." मी विचारलं, "आणि तुम्ही?" तर म्हणाले, "ही संध्याकाळी देवळात गेली का वाचतो. पुन्ना तितंच ठेवतो, तशीच खूण घालून." दोन दिवसांनी सुलोचनाताई. "ताई, ह्यांनी पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही. मीच आपली हे यार्डात गेले की वाचते आणि फ्रीजवर ठेवून देते." मला हसावं की रडावं कळेना. एकच पुस्तक, एकच फ्रीज, आणि दोघं चोरून वाचतायत. या वेळी मात्र मी "बरं" म्हटलं नाही. म्हटलं, "शनिवारी दोघंही या."

त्या शनिवारी खोली भरलेली होती. त्यांची मुलगी गेल्याचं इतक्या वर्षांत सगळ्यांच्या कानावर आलं होतं, त्यामुळे सगळे नको तितकं साधं बोलत होते. पाऊस, मेट्रो, कुणाचा मोतीबिंदू. साठे सरांनी चुकांचा कागद खिशातून काढला आणि परत आत ठेवला. त्या माणसाला मी त्याबद्दल आयुष्यभर मानीन. बाळासाहेब आणि सुलोचनाताई नेहमीसारखे शेजारी बसले. मी नेहमीचा प्रश्न विचारला. "कुठे थांबलात?"

पल्लवी म्हणाली, "रुमालाच्या सीनला. बसमध्ये होते. पुढचा स्टॉप चुकला माझा." पेंडसे आजी म्हणाल्या, मी थांबले नाही, थांबले असते तर परत उघडलं नसतं. असं करत करत पाळी बाळासाहेबांची आली. मी म्हटलं, नसेल सांगायचं तर राहू द्या.

"न्हाई, सांगतो," ते म्हणाले. "बाप रडतो तितं मिटलं. चावडीवर चार लोकांत बसून ढसाढसा रडतो, असं लिवलंय. खोटं हाय ते. लेखकाला बाप म्हाईत न्हाई. बाप असा रडत न्हाई."

"मग कसा रडतो?" हे मी नाही विचारलं. सुलोचनाताईंनी विचारलं. समोर बघत, त्यांच्याकडे न बघता.

बाळासाहेबांनी सुपारीचा डबा उघडला आणि मिटला.

"सांगा ना. कसा रडतो? मी सांगू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "पहाटे यार्डात जायला गाडी काढतो. गेटाबाहेर नेतो. दिवे बंद करतो आणि आत बसून रडतो. मग तोंड पुसतो आणि जातो."

"तुला काय म्हाईत?"

"मी रोज खिडकीत उभी असायची. गाडी सुरू झाल्याचा आवाज यायचा, गेल्याचा यायचा नाही."

बाळासाहेब त्यांच्याकडे वळले. इतक्या वर्षांत चर्चेत मी त्यांना बायकोकडे वळून बोलताना पाहिलं नव्हतं. "मग खाली का न्हाई आलीस?"

"तुम्हाला वाटत होतं, मला माहीत नाही. म्हणून नाही आले."

"मी बाहेर का जात हुतो मग? तुला ऐकू जाऊ नये म्हनून जात हुतो!" ते ओरडले. खरंच ओरडले. "येक डाव खाली आली असतीस तर... अशूचं नाव काढायला मला मानूस न्हवतं, सुलोचना. गाळ्यावर हमाल इचारायचे, घरी कोन इचारत न्हवतं."

ते नाव त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारलं गेलं. पल्लवी तोंड फिरवून रडत होती. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारणं हे माझं काम. मी विचारला नाही. मला सुचलाच नाही. ती दोघं उठली आणि जिन्यावरून खाली गेली, सुलोचनाताई पुढे, बाळासाहेब मागे. चप्पल घालतानासुद्धा ते काहीतरी बोलत होते, चढ्या आवाजात. गाडीचं दार जोरात लावलेलं आम्ही वर ऐकलं.

दुसऱ्या दिवशी साठे सरांचा फोन आला. या वेळी "माझं काही नाही" नव्हतं. म्हणाले, "नीलाताई, हे तुम्ही बरं केलं नाहीत. आपण पुस्तकं वाचायला जमतो. कुणाच्या घराचे कोयंडे काढायला नाही." मी म्हटलं, "सर, तुमचं बरोबर असेल." आणि खरंच असेल. मी काही डॉक्टर नाही, कुणी मला तो परवाना दिलेला नाही. पुस्तक लावायचं आणि समोरच्याचं काय होतं ते बघत बसायचं, हे तसं उद्धटच काम आहे. इतकी वर्षं ते लक्षात आलं नाही, कारण इतकी वर्षं मी लावलेल्या पुस्तकांनी कुणाचं काही झालंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात ती दोघं आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पुस्तक परत आलं ते गाळ्यावरच्या माणसाबरोबर, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. कुणी म्हणालं, त्या सासवडला भावाकडे गेल्यात. कुणी म्हणालं, सोसायटीत भांडणांचे आवाज येतात. मला रात्री झोप लागेना. पुस्तकाचं नाव ठरवायला बसले की यादी तशीच ठेवून उठायची. एका शनिवारी मी सरळ फळ्याचा खडू पल्लवीच्या हातात दिला आणि म्हटलं, बाई, आता तू निवड. ती म्हणाली, "मॅम, पण मला कसं जमेल? सगळे फोन करतील." मी म्हटलं, "करतील. ऐकून घ्यायचं." यापेक्षा जास्त शिकवण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

दिवाळीच्या आधी मी मंडईत गेले होते. घराजवळ भाजी मिळते, पण पालेभाजी मंडईचीच लागते, ही माझी जुनी खोड. एका गाळ्याशी मेथीची जुडी उलटसुलट करून बघत सुलोचनाताई उभ्या होत्या. वाळल्या होत्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मला वाटलं, आपण गर्दीत मिसळून जावं. पण त्यांनी पाहिलं आणि पिशवी सावरत माझ्याकडेच आल्या.

"ताई, रागावलात का? आम्ही आलो नाही."

मी कसली रागावते? म्हटलं, "मीच तुमच्यापुढे यायला घाबरत होते. कशा आहात दोघं?"

"भांडतो," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे भांडतो. रोज. सकाळी उठलं की सुरू. किती वर्षांचं साठलंय, ताई. तिला ताप आला त्या दिवशी हे म्हणाले, आज बाजार मोठा आहे, उद्या दाखवू. मी हो म्हटलं. ह्यांचं ते 'उद्या' मी मनात धरून बसले होते, आणि हे म्हणे माझं 'हो' धरून बसले होते. काय काय निघतंय! मध्ये आठ दिवस मी सासवडला जाऊन बसले. हे न्यायला आले तर भावाच्या दारातच परत भांडलो. वाचायला वेळ कुठून आणू सांगा."

 "माझ्यामुळे," मी म्हटलं.

"तुमच्यामुळे कशाला?" त्या जरा फटकळपणेच म्हणाल्या. "परवा हे एकदम म्हणाले, माझीच चूक होती सुलोचना, मीच उद्या म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, नाही हो, तुमची कसली चूक. मी म्हटलं, हो, तुमची होती. आणि माझीही होती."

मागून कुणीतरी "सरका, ताई, सरका" म्हणत टोपली घेऊन गेलं. आम्ही दोघी कडेला झालो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, जेवलो," सुलोचनाताई म्हणाल्या. "ते बाजारातून येईपर्यंत मी जेवून घ्यायची, ती गेल्यापासून. समोर बसलं की तिसरं ताट दिसायचं. परवा दोघं एका वेळी बसलो. ते म्हणाले, अशूनं ही भाजी टाकली असती. मी म्हटलं, टाकली नसती, नाक मुरडत खाल्ली असती. त्यावरूनही भांडलो थोडं."